निसटत्या खुंटीची हकीकत

श्री. नाद आधी जाहला, अक्षर मागाहून. सबब नादास नमन करून अक्षरांचा हा पसारा मांडिला आहे, चुकले ते ऐकणारांनी कानाआड करावे. शके अठराशे चार, चित्रभानुनाम संवत्सर, चैत्र शुद्ध पक्षी एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. राज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. डोंगरांचे ओंजळीत राज्य, राज्याचे मधोमध तळे, आणि तळे इतके थोर की माघ मासी त्यावर धुके पडले म्हणजे राज्य तळ्यावर तरंगते की तळे राज्यावर, हे सज्ज्यातून पाहणारास कळू नये. त्या राज्याचे महाराज गानप्रिय. त्यांनी पूर्वतीरी बीनकार नांदविले होते आणि पश्चिमतीरी दर्याकाठच्या मुलखातून फिडलवाले आणून नांदविले होते, आणि दोहोंमध्ये पाणी असल्याकारणे वीस वर्षांत कलह जाहला नाही. तो एके पहाटे महाराजांस स्वप्न पडले जे, आपण तळ्याचे मध्यावर उभे आहो, पाय भिजत नाहीत, आणि एके तीरावरून बीन आणि दुसरे तीरावरून सोळा फिडली पाण्यावरून चालत येत आहेत, आणि दोन्ही नाद आपल्या छातीपाशी भेटले आणि त्यांचे एक पाखरू जाहले आणि उडाले. त्याचा रंग पाहावा तो जाग आली. मग महाराज उठोन बसले आणि हुकूम फर्माविला की, येत्या वसंतपंचमीस सूर्योदयी दोन्ही तीरांनी एकत्र बसून वाजवावे, आम्हांस पाखराचा रंग पाहणे आहे. राजाने स्वप्न पाहावे आणि चाकरांनी ते उचलून आणावे, ही तेथील रीत.

पूर्वतीरी रंभाजीबुवा बीनकार होते. त्यांचे घराची विद्या सात पिढ्यांची, आणि घराचा दंडक ऐसा की विद्या कागदावर उतरू द्यावयाची नाही. हाताने हातास द्यावी. पहाटेचा ललत राग त्या घराचा कुलदेव. त्यातही वरच्या षड्जापासून खाली येण्याची एक वाट त्या घरचीच होती, तीस उतार म्हणत, आणि शिष्याचे बाकी सर्व पक्के जाहल्याखेरीज उतार द्यावयाचा नाही, आणि उतार देऊन शिष्याने तो नीट वाजविला म्हणजे गुरूने एकच अक्षर बोलावे, "हां." तेवढ्याने शिष्य घराचा धनी होई. बुवांस पुत्र नव्हता. एक कन्या, सगुणा नावे, तीस त्यांनी सातवे वर्षापासून शिकविले होते. बुवांचे बिनीची पहिली खुंटी सैल होती. ऐन रंगात निसटे आणि तार उतरे, मग बुवा वाजविता वाजविता डावीकडे हात करीत, आणि त्या बाजूस किंचित मागे बसलेली सगुणा पदराचे गाठीतून खडू काढून हातावर ठेवी, आणि बुवा खुंटीस खडू घासून तार पुन्हा चढवीत, तीनदा छेडीत, जुळली म्हणजे आपल्याशीच "हां" म्हणत आणि पुढे चालत. नवी खुंटी करवावी ऐसे सुताराने कितीकदा सांगितले, परंतु बुवा म्हणत, "असू दे. एवढ्या निमित्ताने पोरीचे लक्ष राहते." सगुणा चोवीस वर्षांची जाहली तरी खडू गाठीस होताच. उतार मात्र मिळाला नव्हता. तिने एकदा विचारिले, "आबा, कधी?" तेव्हां बुवा बोलिले, "आंबा झाडास विचारतो काय, कधी पिकू? गप वाजव." त्या दिवसापासून तिने पुन्हा विचारिले नाही, बापलेकीचा मान एकाच मापाचा होता.

पश्चिमतीरीचे मुख्य बेनेदित मास्तर. दर्याकाठचे किरिस्तांव, त्यांचे देवळात, इगर्जीत, कागद वाचून वाजविणे शिकलेले, अंगाने स्थूल, डोळ्यांस भिंगे, हाती वीतभर काठी. ती काठी वर गेली की सोळा फिडली श्वास घेत आणि खाली आली की वाजत. दोन्ही सैन्ये तळ्यावर तरंगणाऱ्या नावघरात मिळाली, तो पहिलाच प्रसंग आसनाचा. फिडलवाले खुर्चीवर बसणार, बीनकार जमिनीवर. पाहुण्याचे पाय घरधन्याचे डोक्याशी येणार. तीन दिवस नुसते बसण्यावर बोलणे जाहले, आणि मग तह ठरला की खुर्च्यांचे पाय हातभर कापावे आणि बैठकीखाली हातभर चौथरा घालावा, आणि तैसे केले तो सर्वांची डोकी एका रेषेत आली. मग रागाची निवड निघाली. बुवांनी ललत सांगितला आणि सूर म्हणोन दाखविले. मास्तर बोटांवर मोजू लागले, पुन्हा मोजिले, आणि म्हणाले, "बुवा, पंचम खंय?" बुवा म्हणाले, "ललतात पंचम नाही." मास्तर म्हणाले, "नाही कसा? आम्ही एकावर एक सूर रचून घर बांधतो, पंचम म्हणजे त्याचा खांब. खांबाविणा माझी सोळा माणसे उभी कशावर राहतील?" तेव्हां बुवा बोलिले, "बसवा त्यांस. आम्ही बसूनच वाजवितो." यावर हैबतबुवा पखवाजी, जे बुवांचे बाळपणीचे सोबती, ऐसे हसले की नाव हेलकावली, आणि सोळा फिडलवाले हसले, आणि मास्तरांचे भिंगांस पाणी आले. तेथून लोभ जडला.

परंतु षड्ज राहिला होता. ज्या सुरावर बाकी सर्व सूर पाय टेकतात तो षड्ज. बुवांचा षड्ज त्यांचे गळ्यातला, मास्तरांचा पोलादाचे बेचकीतला. बेचकी गुडघ्यावर आपटली म्हणजे ठरलेलाच सूर देई, आणि त्यांचे मुलखी तोच प्रमाण. दोहोंत केसाएवढे अंतर, परंतु त्या केसावर दोन्ही विद्या अडकल्या. कोणी दरबारी मध्ये पडून म्हणाला की दोघांनी अर्धे अर्धे सरकावे. हैबतबुवा म्हणाले, "वा पंत! अर्धा बाप याचा, अर्धा त्याचा. पोराने नाव कोणाचे लावावे?" मग मास्तरांनी बेचकी कोटाचे खिशात घातली आणि म्हणाले, "पोलादास काय, ते कुठेही गार पडून राहते. माणसाचे गळ्याजवळ आपण जावे." आणि सोळा फिडली केसभर उतरल्या.

पुढे वैशाखापासून बुवा रोज दोन प्रहरी एकटेच नावघरात जाऊ लागले. सगुणेस म्हणत, "सुरांचा मेळ घालणे आहे, तू घरी पलटे घोट." पाण्यावरून कधी बीन ऐकू येई, कधी नाही. ती अंगणात बसून पलटे घोटी, आणि खडू गाठीस असे, आणि आज आबांस खडू कोण देत असेल हा विचार येई, आणि तो गिळून ती पुढचा पलटा घेई. आश्विनात बुवांचे उजवे हाताची बोटे थरथरू लागली, त्यांनी ती शालीखाली ठेविली. कार्तिक वद्य पंचमीस दिवस चार घटका वर आला असता बुवांनी बीन भिंतीस नीट लावून ठेविली आणि आडवे जाहले. ते उठले नाहीत. हे येथे इतकेच लिहिले आहे. अधिक लिहिता आले असते.

तेरावा जाहल्यावर सगुणेने बीन खोळीत घालून वर टांगिली आणि घराची कवाडे लावली. नावघरात सोळाजण रोज वाजवीत. हुजुरांकडून विचारणा आली की मेळ होणार किंवा कसे, तिने उत्तर धाडिले नाही. आणि एके दिवशी तिचे कानी आले की बुवांनी सबंध ललत मास्तरांस वाजवून दाखविला आणि मास्तरांनी तो कागदावर उतरून घेतला, उतारासुद्धा. ते ऐकून ती रडली नाही. जे सतरा वर्षे आपण उंबऱ्यापाशी बसून वाट पाहिली ते आबांनी परमुलखी माणसास दिले, आणि दिले ते शाईने, इतकेच तिने मनात दोनदा म्हणून पाहिले आणि चुलीवरचे दूध उतरविले. मग पौष मासी हैबतबुवा आले, कवाड ढकलून आत बसले, आणि टांगलेल्या बिनीकडे पाहून म्हणाले, "काय ग सगुणे, बीन म्हणजे लोणचे काय, वर ठेविले की मुरेल?" ती म्हणाली, "हैबतकाका, आता त्यांच्यापाशी कागद आहे. त्यांस माझे काय काम?" ते म्हणाले, "तेच पाहावयास चल. मी ऐकून आलो. तुझ्या बापाचा ललत ऐकिला तर हसावे की रडावे मला कळेना, म्हणोन तुला न्यावयास आलो. एकट्याने हसणे बरे दिसत नाही."

मग ती गेली. नावघरात काचेसारखा उजेड होता, पाण्याची जाळी छतावर हलत होती, आणि मास्तरांनी तीस पाहोन काठी उचलली. सोळा फिडली वाजू लागल्या. सगुणेने प्रथम षड्ज ऐकिला. तो आबांचाच होता. बुवा जाऊन दोन मास जाहले तरी कोणी आपल्या फिडली केसभरही वर चढविल्या नव्हत्या. तेवढ्याने तिचे हात सैल पडले. परंतु ललत मात्र ललत नव्हता. आबा एका सुरावरून दुसऱ्यावर तार ओढून जात, जैसे धुके झाडावरून सरकते. येथे सूर जिन्याचे पायरीवर पाय आपटावे तैसे एकेक वाजत होते. ती ओठ चावून बसली. तो एके जागी सोळाही जणांनी डोळे बारीक केले, माना पुढे झुकविल्या, आणि मोठ्या कष्टाने, मोठ्या भक्तीने, एक मध्यम वाजविला तो किंचित उतरलेला, मग पायरीपायरीने तीव्र मध्यमापर्यंत चढविला, मग परत शुद्धावर आणिला, तोच तीनदा छेडिला, आणि मग सर्वांनी एका गळ्याने म्हटले, "हां." हैबतबुवा उरावर हात मारून ओरडले, "अरे सज्जनांनो! ही खुंटी आहे रे, खुंटी! त्याची तार उतरली होती, तो जुळवीत होता!" काठी हवेतच थांबली. सोळाजणांतील एक वृद्ध हताश होऊन म्हणाला, "मास्तर, तीन महिने आम्ही हेच घोकतो. सगळ्यांत अवघड हेच."

मास्तर खुर्चीत बसले ते कापलेल्या पायांमुळे फारच खाली गेले. म्हणाले, "लिहिणाराचे डोळे कागदावर. मी हात पाहिलाच नाही, बाय. ललतात दोन मध्यम शेजारी शेजारी, मला वाटले ही त्यांच्या घरची खूण. सर्वांत सुंदर जागा हीच असे मी माझ्या लोकांस सांगितले." आणि त्यांनी शाई खरवडण्याचा चाकू काढिला. सगुणा कागदापाशी आली. काळे ठिपके तीस वाचता येत नव्हते. तिने विचारिले, "ती जागा कोठे आहे?" मास्तरांनी बोट ठेविले. तेथे ठिपक्यावर एक खूण होती, अर्धगोल आणि त्याचे पोटी बिंदू, चंद्रबिंदू पालथा केल्यासारखी. "हे काय?" मास्तर म्हणाले, "बुवा येथे थांबले, कधी थोडे, कधी बहुत. त्यास माप नाही. या खुणेचा अर्थ, येथे मोजू नये." मग तिने त्या खुणेवर बोट ठेविले आणि म्हणाली, "चाकू ठेवा. ही खरवडू नका." आणि मग, सतरा वर्षांत एकदाच विचारिले होते ते तिने दुसऱ्यांदा विचारिले, "मास्तर, मला उतार द्याल?"

मास्तरांनी भिंगे पुसली. म्हणाले, "वाटच पाहत होतो. बुवांनी सांगितले होते, तिची तयारी व्हायला दोन वर्षे आहेत, मजपाशी दोन महिने नाहीत. कच्च्या हाती दिला तर घराचा दंडक मोडतो, न दिला तर घर मोडते. तेव्हां तू सांभाळ. ती मागेल तेव्हां दे, मागितल्याविणा देऊ नको." सगुणा म्हणाली, "मी न मागते तर?" मास्तर म्हणाले, "मीही असेच विचारले. म्हणाले, मागेल; उशिरा मागेल; माझीच ना ती." यावर हैबतबुवा खिडकीशी जाऊन तळ्यातील बदके पाहू लागले.

दुसरे दिवसापासून दोघे बसली. मास्तर कागद पाहून फिडलीवर उतार वाजवीत, तो कोठून कोठे जातो हे कळे, कैसा जातो हे कळत नसे. ते कागदावर मावलेच नव्हते. सगुणेचे हातास मात्र कैसे जावे हे ठाऊक होते, कोठे ते ठाऊक नव्हते. ऐसे दोन अर्धे आंधळे एकमेकांचे खांद्यावर हात ठेवून जिना उतरू लागले. एके दिवशी ती म्हणाली, "मास्तर, माझ्या बिनीस पडदे आहेत तरी मी तार ओढून सरकते. तुमच्या फिडलीस तर एकही पडदा नाही, सारी दांडी मोकळी. मग तुम्ही पायऱ्या कोठून आणिता?" मास्तर आपल्या बोटांकडे ऐसे पाहू लागले की ती दुसऱ्या कोणाची असावीत. मग त्यांनी बोट न उचलता सरकविले. पुन्हा सरकविले. तिसऱ्या वेळेस हैबतबुवा बदके सोडून वळले. आणि त्याचे उलट ऐसेही जाहले की, सोळाजणांनी खालून हळूच मध्यमाचे सूर एकावर एक रचिले, पंचमाचे खांबाविणा, आणि सगुणेस वाटले की आपला एकटा सूर आजवर उघड्यावर निजत होता, त्याखाली कोणी अंथरूण घातले. एकदा मास्तरांचे खिशात बेचकीपाशी घडी घातलेला एक चतकोर कागद तीस दिसला. "हा कोणता?" मास्तर घाईने म्हणाले, "तो बिनीचा नव्हे. आमच्या लोकांचा." आणि तिने पुढे विचारिले नाही.

माघ शुद्ध पंचमी उजाडली तो धुके ऐसे की तळे, तीर, डोंगर यांत भेद राहिला नाही. तळ्यातील चबुतऱ्यावर बैठक. महाराज शाल पांघरोन बसले, दरबार नावांतून बसला, आणि दिसत कोणी कोणास नव्हते. नुसत्या शालींच्या कडा आणि वल्ह्यांवरून गळणारे थेंब. सगुणा आबांची बीन घेऊन आली आणि त्यांचे गादीवर बसली नाही. गादी रिकामी ठेविली आणि आपण सातवे वर्षापासून जेथे बसत आली तेथे, गादीचे डावीस किंचित मागे, बसली. मग षड्ज लागला, आणि ललत धुक्यातून चालू लागला. बीन एक वाक्य बोले आणि फिडली ते उचलून पाण्यावर ठेवीत, आणि ते पाण्यावर राही. ऐसे होता होता ती जागा आली. सोळाजणांनी उतरता मध्यम घेतला, चढविला, परत आणिला, तीनदा छेडिला, आणि म्हटले, "हां." आणि मास्तरांची काठी वर राहिली, कारण तेथे मोजावयाचे नाही.

तेव्हां सगुणेचे हाताने पदराची गाठ सोडिली आणि खडू काढिला आणि उजवीकडे, रिकाम्या गादीकडे, पुढे केला. तिने केला ऐसे म्हणता येत नाही, हाताने केला. हात तैसाच राहिला. सोळाजणांनी पाहिले, महाराजांनी पाहिले, काठी वर होती, धुके हातावरून गेले. मग तिने हात मागे घेतला आणि बिनीचे त्याच सैल खुंटीस हात लाविला तो दवाने तार खरोखरच उतरली होती. तिने खडू घासिला. तो पहिल्या फिडलवाल्याने हळूच आपली फिडल छेडून पाहिली, तीही उतरली होती, आणि त्याने हात पुढे केला. तिने खडू त्यास दिला. त्याने आपल्या खुंटीस घासून दुसऱ्यास दिला, दुसऱ्याने तिसऱ्यास, आणि ऐसा तो खडू धुक्यातून सोळा हातांनी फिरला, आणि एकेक तार हळूहळू आबांचे षड्जास येऊन मिळाली. शेवटी तो वेलदोड्याएवढा होऊन तिचेपाशी परत आला, तिने गाठीस बांधिला, आणि काठी खाली आली.

मग उतार. त्याचे वर्णन कागदावर करू नये, दंडक आहे. वरच्या षड्जापासून ती निघाली आणि फिडली तिचे मागोमाग सरकत आल्या, एकीनेही पायरी वाजविली नाही, आणि खालच्या षड्जावर सर्व टेकली तेव्हां पूर्वेस धुक्याचा रंग पालटत होता. सगुणेचे वाजविणे तेथे संपले. तिने बिनीवर हात ठेवून तार थांबविली आणि मान खाली घातली. परंतु मास्तरांची काठी पुन्हा वर गेली होती. त्यांनी दुसऱ्या हाताने खिशातील चतकोर कागद काढून उलगडिला होता. त्यावर एकच ठिपका आणि वर तो पालथा चंद्रबिंदू, आणि सोळाजणांची दृष्टी त्यावर. पुढे मास्तरांनीच सांगितले जे, बुवांनी तो लिहवून घेतला आणि बजाविले, "माझी मुलगी उतार वाजवील तेव्हां मी नसेन. तू नीट ऐक. खरा वाजला तरच हे म्हणव. लेक म्हणोन सोडू नको. खोटा असला तर कागद मिटून खिशात घाल." मास्तर ऐकत उभे होते, वाजून गेलेले अजून ऐकत होते. मग काठी खाली आली, आणि सोळा गळ्यांनी, हळूच, आबांचे षड्जावर म्हटले,

"हां."

सगुणेने मान वर केली नाही. रिकाम्या गादीवर दव पडले होते ते तिने पदराने पुसले.

महाराजांस पाखराचा रंग दिसला किंवा नाही, त्यांनी कोणास सांगितले नाही. इतके खरे की त्या दिवशी ते दरबार न करिता तळ्याकाठी बसून राहिले. सारांश, दोन विद्या भेटल्या त्या कोणाचे शहाणपणाने नव्हे, एका सैल खुंटीने आणि एका चुकीचे लिहिण्याने. सगुणाबाईंनी पुढे चाळीस वर्षे शिष्य केले, कागद लावूनही शिकविले, हातानेही शिकविले, आणि सुताराने नवी खुंटी करून आणिली ती तशीच परत केली. त्या राज्यात फिडल शिकणारास पहिले दिवशी आजही खडू देतात. इति.